कानाचं भोक मोठं करताना दर वेळी त्याच मापाला कान का सुजतो?

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. १.६ मिमीवरून २ वर सहज गेलं, २.४ गेलं, ३ लाही फारसं जाणवलं नाही. पुढे ५ नाहीतर ६ च्या आसपास कान तापला, लस यायला लागली, म्हणून काढून ठेवलं. महिनाभरात बरं वाटलं, पुन्हा तीच साईज घातली, पुन्हा तेच. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला पाळीच्या मागून, भोकाच्या कडेनं, ओठासारखी एक लालसर घडी बाहेर आली. तिलाच ब्लोआउट म्हणतात.

पोरं-पोरी जालन्याहून येवोत, परभणीहून येवोत की बीड-लातूरहून, गोष्ट हीच. माझ्यापर्यंत येईस्तोवर बहुतेकांनी साबण बदललेला असतो, तेल बदललेलं असतं, घरच्यांच्या सांगण्यावरून हळद लावून झालेली असते, कुणी तर मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम दिवसातून चारदा चोळत असतं. मी छत्रपती संभाजीनगरात कान-नाक टोचण्याचं आणि भोक वाढवण्याचं काम करतो. एक गोष्ट ठामपणे सांगतो: तोच त्रास त्याच मापाला परत परत होत असेल तर आधी औषध शोधू नका, आधी माप तपासा. दागिन्यावर छापलेलं माप नाही, स्वतः मोजलेलं. त्रासाचं मूळ बहुतेक वेळा दोन मापांमधल्या उडीत सापडतं, आणि ती उडी वाटते त्यापेक्षा बरीच मोठी असते.

त्याआधी नेमकं काय होतंय ते ओळखा

भोक बरं झालेलं असतं तेव्हा त्याच्या आतून कातडीची एक नळी तयार झालेली असते. भोक वाढवायचं म्हणजे ही नळी न फाटता हळूहळू मोठी होऊ द्यायची. नीट वाढलेल्या कानाला नवीन माप घातल्यावर थोडं ताणल्यासारखं वाटतं, पाळी जराशी गरम लागते, आणि एक-दोन दिवसांत ते विसरायला होतं. रक्त आलं तर नळी आतून फाटली. झणका आला, ठणका लागला तरी तेच समजायचं. "थोडं रक्त तर येणारच" असं सांगणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका.

पातळ, पांढुरकी-पिवळसर लस येऊन तिची खपली धरत असेल तर ती जखम भरण्याची लस आहे; म्हणजे जखम झालेली आहे, पण अजून पिकलेली नाही. घट्ट पिवळा किंवा हिरवट पू, वाढत जाणारी लाली, हात लावला तरी चटका बसेल इतकी उष्णता, कानामागची गाठ दुखणं, कणकण, ह्यातलं काही दिसलं की जंतुसंसर्ग. तिथं हा लेख वाचत बसायचं नाही, डॉक्टरकडं जायचं.

खाज हे वेगळंच प्रकरण. दुखत नाही पण खाजतं, पाळीवर बारीक पुरळ, पाणी सुटतं, आणि जिथं जिथं धातू टेकतो तिथंच हे सगळं दिसतं. हे बहुतेक वेळा धातूतल्या निकेलच्या अॅलर्जीचं. एक ग्रॅम सोन्याचे आणि इमिटेशनचे दागिने घालून आधी कान खाजायचे का, हे आठवून पाहा. उत्तर 'हो' असेल तर माप कितीही बरोबर घ्या, स्वस्त स्टीलचा प्लग, म्हणजे भोकात बसवायचा गोल दागिना, त्या कानाला चालणार नाही.

वास येतो म्हणून घाबरून फोन करणारेही बरेच. नुसता वास हा आजार नव्हे. कातडीचं तेल आणि मेलेल्या पेशी प्लगभोवती साचतात, त्याचा तो वास. बरं झालेलं भोक असेल तर रोज प्लग काढून धुवा, कान धुवा, कोरडा करा. अॅक्रिलिक आणि सिलिकॉनला वास जास्त धरतो, काचेला कमी.

आता उडीचं गणित

गेज म्हणजे दागिन्याच्या जाडीचा आकडा. तो जसा कमी होतो तसं माप वाढतं, हे सगळ्यांना माहीत असतं. १८ गेज म्हणजे १ मिमी, १६ म्हणजे १.२, १४ म्हणजे १.६, १२ म्हणजे २, १० म्हणजे साधारण २.४, ८ म्हणजे ३.२, ६ म्हणजे ४, ४ म्हणजे ५. इथपर्यंत ठीक. २ गेज मात्र कुणाचा ६ मिमी असतो, कुणाचा ६.५. शून्य गेज ८. डबल शून्य कुणी ९ ला म्हणतं, कुणी १० ला. म्हणजे एका दुकानाचा २ गेज आणि दुसऱ्याचा शून्य गेज घेतलात तर मध्ये दीड मिमी आहे की दोन, हे आकड्यावरून कळतच नाही.

शिवाय कातडीला व्यास कळत नाही, तिला घेर कळतो. व्यास गुणिले ३.१४ करून पाहा. १.६ वरून २ वर जाताना घेर ५ मिमीचा ६.३ होतो, वाढ सव्वा मिमीची. ४ वरून ५ ला जाताना ३.१ मिमीची वाढ. आणि ६ वरून थेट ८ ला जाताना घेर १८.८ चा २५.१ होतो, म्हणजे कातडीला एका झटक्यात सव्वासहा मिमी वाढायला सांगितलं. नावाला दोन्ही उड्या 'एकाच साईज'च्या. सुरुवातीच्या मापांना त्रास झाला नाही आणि पुढे होतो, ह्याचं कोडं इथंच सुटतं. कान बिघडलेला नसतो, पायरी उंच झालेली असते.

म्हणून ५ मिमीच्या पुढे गेजचं नाव सोडून द्या आणि अर्ध्या मिमीनं चला: ५, ५.५, ६, ६.५, ७, ७.५, ८. ६ वरून ६.५ ला घेर जेमतेम दीड मिमी वाढतो. तेवढं कान सोसतो. अर्ध्या मापाचे प्लग आपल्याकडं दुकानात सहसा मिळत नाहीत, मागवावे लागतात. न मिळाले तर टेपचा उपाय पुढे सांगितला आहे.

छापलेलं माप आणि खरं माप

वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला काम करणारा मुलगा आला होता. "दादा, दोन्ही कान आठलाच फुटायलेत. सातपर्यंत काहीच नाही." सोबत ऑनलाइन मागवलेला अॅक्रिलिकचा सेट: टेपर (भोक ताणायची निमुळती काडी), प्लग, काळ्या रबरी रिंगा, सगळं एका डब्यात. मी डिजिटल व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं, तूच मोज. ७ लिहिलेला प्लग ६.८ भरला. ८ चा प्लग मधोमध ८.३, आणि कडेला जिथं तो फुललेला होता तिथं ९.५. ८ च्याच टेपरचं जाड टोक ७.७. त्यानं टेपर आणि प्लग टोकाला टोक लावून धरले आणि नखानं सांधा चाचपला. नख अडकलं. "हा पीस तर आमच्याकडं रिजेक्टच होईल," एवढंच बोलला.

त्या सांध्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ब्लोआउटचं हे सगळ्यात सापडणारं कारण आहे. टेपर आत जाताना कातडी ७.७ पर्यंत ताणली जाते. त्याच्या मागून ढकललेल्या प्लगची कड ९.५ ची. म्हणजे कातडीला अचानक पायरी लागते, ती पायरी चढत नाही, प्लग तिला पुढे लोटत नेतो, आणि आतली नळी मागच्या बाजूनं उलटी बाहेर येते. एकदा बाहेर आलेली घडी पुढच्या प्रत्येक वेळी आधी तिथूनच निघते. म्हणून "पुन्हा तेच, पुन्हा तेच".

व्हर्निअर विकत घेतलाच पाहिजे असं नाही. प्लास्टिकचा डिजिटल काही शे रुपयांत येतो, तो ०.१ मिमीपर्यंत सांगतो, आपल्याला तेवढं पुरे. नसेल तर गावातला टर्नर, आयटीआयला शिकणारा शेजारचा मुलगा, ओळखीचा सोनार, ह्यांच्यापैकी कुणाकडं तरी असतोच. मोजायचं ते तीन ठिकाणी: प्लगच्या मधोमध, दोन्ही कडांना, आणि टेपरच्या जाड टोकाला. टेपरचं टोक आणि प्लगची आत जाणारी कड ह्यांच्यात नख अडकायला नको. जिथं अडकतं तो जोड वापरू नका, मग तो कितीही महाग असो.

आत जाणारी बाजू सपाट असलेला, म्हणजे सिंगल फ्लेअर प्लगच वाढवताना घ्या. दोन्ही बाजूंना फुललेला, डबल फ्लेअर, दिसायला छान असतो आणि रिंग लागत नाही, पण तो घालताना कानाला छापलेल्या मापापेक्षा मोठं व्हावं लागतं. तो बऱ्या झालेल्या, सैल पडलेल्या भोकासाठी. टेपर हे आत सरकवण्याचं साधन आहे, घालून फिरण्याचं नव्हे. शिंगासारखे टेपर महिनाभर कानात ठेवून फिरणारी मुलं मी पाहतो. त्यांचा भार एका बाजूला पडतो आणि भोक लांबट होत जातं.

ब्लोआउट झालाच असेल तर

त्याच दिवशी माप उतरवा. एक नाही, निदान दोन पायऱ्या खाली. ८ ला झालं असेल तर ६ वर या. "इतके महिने घालवले ते वाया जातील" ही भीती खरी नाही. एकदा वाढलेला आणि नीट बरा झालेला कान परत येताना लवकर येतो. घडी बाहेर असताना तेच माप रेटत राहिलात तर मात्र ती तिथंच कडक होते, आणि मग तिला शस्त्रक्रियेशिवाय उपाय उरत नाही.

खालचं माप घालून दिवसातून दोनदा सलाईननं धुवा. मेडिकलमध्ये 'एन.एस.' म्हणून मागितलं की ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याची बाटली मिळते, १०० मिलीची सगळ्यात लहान घ्या. निर्जंतुक गॉजवर ओतून भोकाच्या पुढून-मागून काही मिनिटं धरायचं, खपली मऊ झाली की आपोआप निघेल तेवढीच पुसायची. उघडलेली बाटली आठवडाभर पुरवायची नाही, एका दिवसात संपवा नाहीतर टाकून द्या. घरी मीठ घालून केलेलं पाणी जवळजवळ नेहमीच जास्त खारट होतं आणि कातडी कोरडी पाडतं.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, जंतुनाशक द्रव ह्यातलं काही ओतू नका. ते जंतूंबरोबर नवी कातडीही मारतात. उघड्या जखमेवर तेल नको, हळद-तेलाचा लेप नको. हळदीबद्दल माझ्या मनात आकस नाही, आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या कान टोचल्यावर ती लावली जाते. पण लेप भोकाच्या तोंडाशी सुकून बसतो आणि आतली लस आतच कोंडते. बारशाच्या वेळी आजीनं सांगितलेलं "दागिना रोज गोल फिरवत राहा" हेही सोडा. फिरवलं की कोरडी खपली आत ओढली जाते आणि भरत आलेली कातडी खरवडते.

आणि कडुनिंबाची काडी. भोक बुजू नये म्हणून खेड्यापाड्यात अजून घालतात. सच्छिद्र लाकूड ओल्या जखमेत ठेवणं धोक्याचंच, त्यात काडीचे तंतू सुटतात. लाकूड, हाड, शिंग ह्यांचे प्लग पूर्ण बऱ्या कानात छान शोभतात, जखमेत नाही.

घडी आत बसून, लस पूर्ण थांबून, दाबलं तरी दुखत नाही अशी अवस्था आली की मग तेलाचं मालिश सुरू करा. खोबरेल चालतं, जोजोबा मिळालं तर उत्तम. रात्री प्लग काढून पाळी अंगठा आणि तर्जनीत धरून पाच मिनिटं हलक्या हातानं, पुढून मागं आणि वरून खाली. कडक झालेली जागा महिन्या-दोन महिन्यांत मऊ पडताना बोटाला कळते. पुढच्या वेळी माप वाढवताना प्लग मागून पुढं घाला, म्हणजे पूर्वी बाहेर आलेल्या घडीवर उलट दिशेनं दाब येईल.

किती दिवस थांबायचं

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि मी त्याला आकड्यात उत्तर द्यायला कचरतो, कारण आकडा दिला की लोक कॅलेंडर बघतात, कान बघत नाहीत. तरी किमान मर्यादा सांगतो. नव्यानं टोचलेली पाळी वरून सहा-आठ आठवड्यांत बरी दिसते, पण आतली नळी पक्की व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं; त्याआधी वाढवायला घेऊच नका. लहान मापांत दोन पायऱ्यांमध्ये निदान सहा ते आठ आठवडे. ५ मिमीच्या पुढे तीन महिने धरा, जास्त झाले तर फायदाच.

ह्या मर्यादा पार झाल्यावर खरी परीक्षा अशी. गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर आरशासमोर उभं राहा, प्लगवर बोट ठेवून त्याला हळूच खाली दाबा. प्लगच्या वर, कातडी आणि प्लग ह्यांच्यात चंद्रकोरीएवढी फट दिसते का? त्यातून पलीकडचा उजेड दिसला तर कान तयार आहे. कातडी प्लगला चिकटूनच खाली येत असेल तर तयार नाही, मग चार महिने झालेले असोत की सहा. एक कान तयार आणि दुसरा नाही, असं सर्रास होतं. तयार असलेला वाढवा, दुसऱ्याला थांबू द्या. दोन्ही एकाच दिवशी वाढवायचा हट्ट हे मागे पडलेला कान फाटण्याचं नेहमीचं कारण आहे.

अर्ध्या मापाचा प्लग मिळत नसेल तर नळ जोडताना वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप कामाला येते. तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. साधी पांढरीच घ्या. गॅसच्या नळीसाठीची पिवळी जाड असते, ती नको. ह्या पांढऱ्या टेपची जाडी साधारण ०.०७५ ते ०.१ मिमी, म्हणजे प्लगवर एक वेढा दिला की व्यास ०.१५ ते ०.२ मिमीनं वाढतो. बऱ्या झालेल्या कानात सध्याच्याच मापाचा काचेचा किंवा धातूचा प्लग घ्या, स्वच्छ धुवून कोरडा करा, एक वेढा, फार तर दोन, सुरकुती न पडता ताणून गुंडाळा, व्हर्निअरनं मोजा. घालताना जोर लागला तर एक वेढा कमी करा. आठवड्या-दोन आठवड्यांनी टेप काढून नवी गुंडाळा, आणि कान सैल वाटला तरच एक वेढा वाढवा. जखम असताना टेप अजिबात नको. ६ वरून ८ ला परत परत अडकणाऱ्यांपैकी बरेच जण ह्या वाटेनं बिनबोभाट पुढे गेलेले मी पाहिले आहेत. वेळ लागतो, पण रक्ताचा थेंब निघत नाही.

कशाचा दागिना

ताज्या वाढवलेल्या कानात काच किंवा इम्प्लांट दर्जाचं टायटेनियम. विकत घेताना 'एएसटीएम एफ १३६' लिहिलेलं आहे का ते विचारा. शरीरात बसवायच्या टायटेनियमचं ते मानक आहे. नायोबियम चालतं. स्टील घ्यायचंच तर 'एफ १३८' चं घ्या, पण त्यात निकेल असतंच, खाजणाऱ्या कानांना तेही नको. काच आणि टायटेनियमचा दुसरा फायदा असा की ते ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेवर निर्जंतुक करता येतात. अॅक्रिलिकचं तसं करता येत नाही, ते वाकडं होतं. सिलिकॉनचे मऊ टनेल, म्हणजे पोकळ प्लग, बरे झालेल्या कानात झोपताना सोयीचे. ताज्या कानात ते कातडीला चिकटून बसतात आणि काढताना सालपट काढतात.

आपल्या हवेची आणि पाण्याची गोष्ट

हे बाहेरच्या कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. घाम, धूळ, आणि त्यावर उन्हापासून बचाव म्हणून डोक्याभोवती गच्च गुंडाळलेला स्टोल किंवा गमजा. त्याचा धागा प्लगच्या रबरी रिंगेत अडकतो, सोडवताना हिसका बसतो. हेल्मेट काढताना तेच होतं. त्यामुळे नवीन माप उन्हाळ्यात घालू नका, आणि ज्यांना रोज गाडीवर जावं लागतं त्यांनी पहिले दोन आठवडे हेल्मेट आधी कानाच्या बाजूनं फाकवून मग उचलायची सवय लावावी. हेल्मेट न घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

सोयाबीनची मळणी आणि कापूस वेचणी हे दोन हंगामही टाळा. मळणीयंत्रापाशी उडणारा भुसा आणि वेचणीत केसांना चिकटणारे कापसाचे तंतू ताज्या भोकात जाऊन बसतात. शेतावर राबणारी बरीच मुलं-मुली माझ्याकडं येतात; त्यांना मी सांगतो की थंडीत, राशी झाल्यावर या.

पाणी बोअरचं असेल तर क्षारांचा पांढरा थर प्लगवर बसतो. हा थर खरखरीत असतो, प्लग काढताना आतून घासतो, आणि लोकांना वाटतं संसर्ग झाला. लिंबाच्या रसात थोडा वेळ ठेवून काचेचा किंवा टायटेनियमचा प्लग धुतला की तो जातो. मग साध्या पाण्यानं स्वच्छ करून घाला. टँकरच्या किंवा टाकीत साठवलेल्या पाण्यानं जखम धुवू नका. जारचं थंड पाणी प्यायला चालतं म्हणून जखमेला चालतं, हाही गैरसमज आहे. ते निर्जंतुक नसतं. सलाईन नसेल तर उकळून झाकून गार केलेलं पाणी.

भोक मुळात कुठं आहे

माप बरोबर, वेळ बरोबर, दागिना बरोबर, तरी एकाच कानाला त्रास होत असेल तर भोकाची जागा पाहा. लहानपणी सोनारानं टोचलेलं भोक बऱ्याचदा पाळीच्या खालच्या काठाजवळ असतं. बाळीला ते चालून गेलं. वाढवायला घेतलं की खालची कातडी पातळ पडत जाते. गनमधून टोचलेलं भोक अनेकदा तिरपं असतं, आणि तिरप्या भोकात सरळ प्लग गेला की एका बाजूला जास्त ताण येतो. अशा वेळी ते भोक बुजू देऊन काही महिन्यांनी योग्य जागी नव्यानं टोचून घेणं हाच सरळ मार्ग.

खालची कातडी पातळ होतेय हे ओळखायला पाळी खिडकीकडं करून पाहा. भोकाखालचा भाग बाकीच्या पाळीपेक्षा चमकदार, लालसर-पारदर्शक दिसला तर लगेच माप उतरवा आणि वजनदार काही लटकवू नका. आपल्या आज्या-मावश्यांच्या कानांकडं पाहा. झुबे, वजनदार फुलं वर्षानुवर्षं घालून भोकाची उभी चीर झालेली असते, आणि कुणाकुणाची पाळी तर पार दुभंगलेली. वजन खालीच ओढतं, चहूबाजूंनी सारखं वाढवत नाही. म्हणूनच पूर्वी झुब्यांना वेल लावत. तो भार केसांवर घेतो. वजनं लटकवून भोक लवकर मोठं करायचा सल्ला देणाऱ्यांना हे कान दाखवावेत. वेरूळच्या दहाव्या लेण्यातल्या बुद्धाच्या लांब पाळ्यांचा फोटो दाखवून "असं पाहिजे" म्हणणारेही येतात. तो लांबपणा राजपुत्र असताना घातलेल्या जड अलंकारांची खूण मानला जातो. मूर्तीत तो देखणाच आहे, पण त्या वाटेनं जिवंत पाळी पातळ होत जाते.

वरच्या कडक कानाला, म्हणजे कुर्चेला, हे सगळे नियम लागू नाहीत. कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती भोवतीच्या आवरणावर जगते. तिथं संसर्ग झाला तर कानाचा आकारच जातो. कानफाट्या नाथजोग्यांची कुंडलं पाहून कुणी तसं भोक ताणून वाढवायचं म्हणत असेल तर त्यांना सांगा की तिथं कान ताणलेला नसतो, चिरलेला असतो.

कुणी हे करूच नये, कुठं थांबावं

घरात कुणाला जखमेच्या जागी वाढणाऱ्या गाठी, केलॉइड, होत असतील तर भोक वाढवू नका. केलॉइड जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो, कापून काढला तरी परत येऊ शकतो, आणि सावळ्या कातडीत त्याचं प्रमाण जास्त असतं. साखर आटोक्यात नसलेल्यांनी, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. भरतीची तयारी करणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणीचे नियम आधी वाचावेत, मगच प्लग विकत घ्यावा.

"किती मापापर्यंत गेलं तर नंतर भोक आपोआप बारीक होईल?" ह्याची हमी कुणीही देऊ शकत नाही. काहींचं ८-१० मिमीवरूनही बरंच आवळतं, काहींचं ६ वरूनही नाही. ज्याला पुढे कधी ते नको होऊ शकतं, त्यानं ५ च्या आसपास थांबलेलं बरं. उघडी राहिलेली किंवा चिरलेली पाळी प्लास्टिक सर्जन जागेवर भूल देऊन शिवून देतात, त्यानंतर काही महिने तिथं टोचता येत नाही, आणि पुन्हा टोचायचं ते शिवणीच्या जागेवर नाही.

पू, ताप, पसरणारी लाली, अंगठ्यानं दाबूनही न थांबणारं रक्त ह्यांसाठी संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्वचारोग किंवा कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर जा. जाताना प्लग पूर्ण काढून भोक मोकळं ठेवू नका. तोंड बंद झालं तर पू आतच कोंडतो. शक्य असेल तर बारीक मापाचा काचेचा प्लग घालून जा, आणि काढायचा की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. कान फाटला असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल, तर तेही त्यांना सांगा. आणि कानात जे होतं ते, माप लिहिलेल्या डब्यासकट, सोबत न्या.